बिननावाचं अंजीर

पानाचा एक फोटो पाहून अंजिराचा वाण छातीठोकपणे सांगणारा कुणी भेटला, तर त्याच झाडाची आणखी चार पानं तोडून त्याच्यापुढे ठेवावीत. एकाला पाच खंड, दुसऱ्याला तीन, तिसरं जवळपास अखंड. आणि छाटणीनंतर फुटलेल्या जोमदार फांदीवरचं चौथं एवढं मोठं नि खोल कातरलेलं, की ते शेजारच्या झाडावरून आणलं असावं अशी शंका यावी. झाडाचं वय, फांदीचा जोर, सावली, पाणी, सगळ्यांप्रमाणे अंजिराचं पान रूप पालटतं. तरी परसातल्या निनावी अंजिराची चौकशी बहुतेक जण पानापासूनच सुरू करतात. पान आयतं हाताशी असतं. फळ मात्र पाखरांच्या आधी आपल्याला मिळेलच याचा भरवसा नसतो.

चौकशी रास्तच आहे. घर विकत घेताना कुंपणाशी उभं असलेलं झाड आयतं पदरात पडतं. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची चिठ्ठी पहिल्याच पावसात धुऊन जाते. आजोबांनी कुठून तरी आणून खोचलेली फांदी आता झाड झालेली असते आणि विचारायला आजोबा नसतात. वाण कळला तर छाटणी कधी करायची, बहार कोणता धरायचा, फळ कितपत पोसेल याचा अंदाज येतो. मुख्य म्हणजे हे झाड खाण्याजोगं फळ कधी देणार आहे की नाही, याचा निकाल लागतो. घरच्या बागेपुरता हा प्रश्न मला नावापेक्षा मोठा वाटतो. म्हणून तपासही त्याच्याच सोयीने करावा आणि पान सर्वांत शेवटी पाहावं.

आधी हे झाड अंजिराचंच आहे ना? प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे फायकस या एकाच कुळीतले. चीक सगळ्यांना, फळाची घडणही तीच. पण उंबराची फळं खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लगडतात, तर अंजीर पानाच्या बगलेत एकेकटं, फार तर जोडीने येतं. उंबराचं पान लांबट, अखंड आणि गुळगुळीत. अंजिराचं रुंद आणि वरून चांगलंच खरखरीत. ओढ्याकाठी वाढणारा काळा उंबर खरखरीत पानांमुळे एखाद्याला फसवतो, पण त्याची पानं फांदीवर समोरासमोर असतात, अंजिराची एकाआड एक. एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी. मुळांना सूत्रकृमींचा त्रास होऊ नये म्हणून अंजीर कधी कधी उंबराच्या खुंटावर बांधतात. अशा कलमाचा वरचा भाग वाळला आणि खुंटालाच फूट आली, की मालक अंजीर समजून वर्षानुवर्षं उंबराला पाणी घालत बसतो. तेव्हा बुंध्याशी वाकून कलमाचा सांधा शोधावा आणि आजची फांदी सांध्याच्या वरून निघालीय की खालून, हे पाहावं.

झाड अंजिराचंच ठरलं, की त्याच्या माहेराची चौकशी करावी. बागायतदार अंजीर बियांपासून लावत नाहीत. फाटे कलम करतात, नाहीतर गुटी बांधतात. म्हणजे तुमच्या दारातलं झाड हा बहुतेक करून दुसऱ्या एखाद्या झाडाचाच तुकडा असतो, आणि ते झाड ज्या वाणाचं, त्याच वाणाचं हेही. ‘फांदी कुठून आणली?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून भिंगापेक्षा जास्त कामाला येतं. सासवड-दिव्याकडच्या पाहुण्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी दिलेली फांदी असेल तर ती पुना फिगची असण्याची शक्यता मोठी, कारण पुरंदर तालुक्यातल्या अंजीरबागा याच वाणावर उभ्या राहिल्या. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं ‘पुरंदर अंजीर’ ते हेच. मराठवाड्यातून आलेल्या झाडाच्या बाबतीत दौलताबादी अंजीर आणि त्यातून निवडलेला दिनकर हा वाण मनात धरावा. कर्नाटकातून आलं असेल तर बळ्ळारीकडचं अंजीर. गेल्या काही वर्षांत रोपवाटिकेतून आणलेलं रोप असेल तर प्रकरण अवघड होतं. डायना, ब्राऊन टर्की, ब्लॅक मिशन, कोनाड्रिया अशी परदेशी नावं आता सर्रास मिळतात, आणि ज्या नावाला मागणी असते ते नाव रोपाला फार लवकर चिकटतं. रोपवाटिकेची चिठ्ठी हा पुरावा नव्हे. ती फक्त तपासाची एक दिशा.

आता प्रकार. वाण शेकड्यांनी आहेत, प्रकार मात्र चारच, आणि आपलं झाड कोणत्या प्रकारातलं हे ठरवायला शास्त्रज्ञ लागत नाही. ज्याला आपण अंजिराचं फळ म्हणतो ती खरं तर एक मांसल पिशवी आहे. आतून तिला शेकडो बारीक फुलं लागलेली असतात. पिशवीच्या टोकाला बारीक छिद्र असतं, त्याला डोळा म्हणतात, आणि डोळ्यावर खवल्यांचं झाकण. ब्लास्टोफॅगा सेनीस नावाची जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशी या खवल्यांमधून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात. अंगावर आणलेले पराग आतल्या फुलांना लागतात आणि बी धरतं. या माशीची पैदास होते ती ‘कॅप्रीफिग’ म्हणजे नर अंजिराच्या पोटात, आणि नर अंजीर सहसा खाण्याच्या लायकीचं नसतं.

हा पहिला प्रकार. दुसरा स्मर्ना: यात सगळी फुलं मादी, आणि माशी आली नाही तर फळं हिरवी, लहान असतानाच सुरकुतून गळतात. तिसरा सॅन पेद्रो, थोडा लहरी. त्याचा जुन्या फांदीवर येणारा पहिला बहार माशीविना पिकतो, पण नव्या फुटीवरचा दुसरा बहार माशीवाचून टिकत नाही. चौथ्याला नुसतं ‘कॉमन’ म्हणतात. त्याला माशीची गरजच नाही. पराग न मिळताही फळ पोसतं, गोड होतं, पिकतं. पुना फिग याच चौथ्या प्रकारातलं, आणि मघाशी नाव घेतलेले डायना, ब्राऊन टर्की, ब्लॅक मिशन, कोनाड्रियाही. माशीविना पिकणारं अंजीर माणसाने फार पूर्वी हेरलं असावं. जॉर्डनच्या खोऱ्यात गिलगाल इथे सापडलेली जळकी अंजिरं सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची आणि माणसाने लावलेल्या अशाच झाडांची असावीत, असा दावा २००६ साली झाला. तो सगळ्यांना पटलेला नाही, पण तसं असेल तर अंजिराची लागवड गव्हाच्याही आधीची ठरते.

प्रकार न कळल्याने केवढी फजिती होते, हे कॅलिफोर्नियाने पाहिलंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या बागायतदारांनी तुर्कस्तानातल्या स्मर्ना भागातून, आजच्या इझमीरकडून, फांद्या मागवल्या. तिकडची सुकी अंजिरं जगभर नावाजलेली होती. झाडं उत्तम वाढली, फळं धरली, आणि दरवर्षी सगळी गळून पडली. तुर्कांनी मुद्दाम भलत्याच फांद्या पाठवल्या, असा संशय घेतला गेला. नर अंजिरं आणि ती माशी यांच्याशिवाय फळ पिकणार नाही, असं सांगणाऱ्यांना लोकांनी हसण्यावारी नेलं. भूमध्य समुद्राकाठचे शेतकरी नर अंजिराच्या माळा मादी झाडांवर टांगतात, ही त्यांना अडाण्यांची समजूत वाटत होती. अॅरिस्टॉटल आणि थिओफ्रास्टस यांनी ती पद्धत दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली होती तरी. फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंग यांनी हाताने पराग घालून फळं पिकवून दाखवली, आणि अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने १८९९ साली ती माशी त्यांच्या बागेत रुजली, तेव्हा कुठे स्मर्ना अंजीर कॅलिफोर्नियात पिकलं. ‘कॅलिमर्ना’ नावाने पुढे जे विकलं गेलं, ते हेच तुर्की झाड.

आपल्या परसासाठी यातून एक सोपी कसोटी मिळते. महाराष्ट्रातल्या अंजीरबागा या माशीशिवाय चालतात. उंबरात दिसणारी माशी उंबराची, अंजिराला तिचा उपयोग नाही. तेव्हा तुमचं झाड मऊ, गोड, पूर्ण पिकलेलं फळ वर्षातून एकाहून जास्त बहारांत देत असेल, तर ते कॉमन प्रकारातलं म्हणून खुशाल मोकळं व्हावं. बाकीच्या तीन प्रकारांतले सगळे संशयित एका फटक्यात सुटतात. उलट झाड चार-पाच वर्षांचं आहे, तब्येतीने उत्तम आहे, पाणी व्यवस्थित आहे, तरी दरवर्षी झाडून सगळी फळं हिरवी असतानाच गळतात, तर ‘ते बी कुणी लावलं होतं का?’ असं घरात विचारावं. बाजारातल्या सुक्या अंजिरांपैकी बरीचशी तुर्की स्मर्ना प्रकारची. माशीने परागीभवन केलेली असल्याने त्यांच्या बिया भरलेल्या असतात आणि कुंडीत टाकल्या तर रुजतातही. कौतुकाने वाढवलेल्या अशा रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणींना माशी हवी असते. असं झाड कितीही खत घातलं तरी फळाला येत नाही. ते काढून टाकावं किंवा त्यावर चांगल्या वाणाचं कलम करावं, आणि नावाचा शोध तिथेच थांबवावा. बियांपासून आलेल्या झाडाला कोणत्याच पुस्तकात नाव सापडणार नाही.

फळ पिकत असेल तर पुढची पायरी वहीची. एक अख्खं वर्ष नोंद ठेवावी: फळं कोणत्या महिन्यात दिसली, जुन्या लाकडावर की नव्या फुटीवर, पिकायला किती दिवस लागले. पुरंदरचे शेतकरी एकाच झाडावर दोन बहार ओळखतात. पावसाळ्यात झाडावर वाढणारा तो खट्टा बहार, आणि उन्हाळ्यात पिकून येणारा मीठा बहार. झाड एक, वाण एक. पण ढगाळ हवेत पोसलेलं फळ पाणचट आणि आंबूस, उन्हाळ्यातलं गोड आणि रंगाने गडद. आता समजा, एखाद्याने फक्त पावसाळ्यातलं फळ चाखलं आणि वर्णनाच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं, तर तो भलत्याच नावावर जाऊन पोहोचणार. कोकणात लावलेल्या पुना फिगचंही असंच होतं: दमट हवेत तांबेरा लवकर येतो, पानं गळतात, उपाशी झाडावरचं फळ बेचव होतं, आणि ‘ही जातच वेगळी’ असा निष्कर्ष निघतो. एका बहारावरून निकाल देऊ नये.

मग फळ हातात घ्यावं. कोणतं? बोटाने दाबल्यावर दबणारं, पण त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे मान टाकलेलं. कच्चं अंजीर फांदीवर ताठ उभं असतं. पिकलं की देठाजवळची मान ढिली पडते आणि फळ खाली लोंबतं. सालीवर बारीक भेगा दिसू लागतात, काही वाणांत डोळ्याशी रसाचा थेंब साचतो. आधी तोडलेलं अंजीर घरात ठेवून मऊ पडेल, गोड होणार नाही, म्हणून तपासणीसाठी ते निरुपयोगी. बुलबुल आणि वटवाघळं हाच मुहूर्त साधतात, तेव्हा पाच-सहा फळांना आधीच मलमलच्या पिशव्या बांधून ठेवाव्यात. चिकाला जपावं, चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड येतात आणि काळे डाग बराच काळ राहतात.

फळ देठापासून डोळ्यापर्यंत उभं कापावं. बाहेरून आकार पाहावा: मान लांब आहे की फळ देठाशी एकदम रुंदावतं, अंगावर उभ्या शिरा उठून दिसतात की साल सपाट आहे, डोळा मिटलेला आहे की उघडा आणि किती मिलिमीटरचा. आतून सालीखालचा पांढरा थर किती जाड, गर गुलाबी, लाल की मधाच्या रंगाचा, मध्ये पोकळी आहे का. पुना फिगचं फळ घंटेच्या आकाराचं, मध्यम, साल पातळ आणि जांभळट-तांबूस, अंगावर शिरा स्पष्ट, गर गुलाबी. डायना पिकल्यावरही हिरवट-पिवळीच राहते, फळ मोठं आणि गर फिका. ब्लॅक मिशन जवळपास काळं पडतं. म्हणजे ‘पुना फिग’ म्हणून घेतलेल्या झाडाचं फळ पूर्ण पिकूनही पिवळं राहत असेल, तर आणखी काही पाहायची गरज नाही; नाव चुकलेलं आहे. हिरवं-पिवळं आणि जांभळं एवढे दोन गट घरच्या घरी निर्विवाद पाडता येतात. जांभळ्या गटाच्या पोटातले भेद मात्र सूक्ष्म, आणि रंगाची छटा उन्हाप्रमाणे बदलते, म्हणून तिथे आकार, डोळा आणि गर यांचीच साक्ष जास्त मोलाची.

पानाची पाळी आत्ता. पाहायचं तर फळ धरलेल्या, मध्यम जोराच्या फांदीच्या मधलं, पूर्ण वाढलेलं पान पाहावं. शेंड्याचं नको, बुंध्याशी फुटलेल्या फुटव्याचं तर नकोच. दहा पानं घ्यावीत, आणि त्यांतल्या बहुतेकांत जे दिसतं तेच लिहावं: खंड किती, मधला खंड रुंद की निमुळता, देठाशी पानाचा तळ आत वळलेला की सरळ. पानावर पिवळट चट्टे असतील आणि आकार वेडावाकडा असेल तर तो वाणाचा गुण समजू नये. अंजिराचा मोझॅक हा विषाणूरोग बारीक कोळ्यांमुळे आणि कलमाच्या फांद्यांतून पसरतो आणि पानाचं रूप पार बिघडवतो. २००३ साली अंजिराच्या वर्णनासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर एक प्रमाणित यादी प्रसिद्ध झाली. त्यातही झाड, फांदी, पान, बहार, फळ अशी लांबलचक नोंद मागितलेली आहे. एका पानावर भागवायची सोय तिथेही नाही.

एवढं करून हाती काय येईल? बऱ्याचदा ‘पुना फिगसारखं’ किंवा ‘ब्राऊन टर्कीच्या गटातलं’ इतकंच, आणि त्यात कमीपणा नाही. अंजिराची नावं मुळातच गोंधळलेली आहेत. कॅलिफोर्नियाचे आयरा कॉन्डिट यांनी १९५५ साली अंजिराच्या वाणांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सहाशेहून अधिक वाण आहेत, आणि एकेका वाणाच्या पोटात पर्यायी नावांची रांग. इंग्लंडात ज्याला ब्राऊन टर्की म्हणतात आणि कॅलिफोर्नियात जे ब्राऊन टर्की म्हणून विकलं जातं, ती दोन वेगवेगळी झाडं आहेत. उलट कॅलिफोर्नियातलं काडोटा आणि इटलीतलं जुनं दोत्तातो एकच. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे अमेरिकी सरकारचा अंजिरांचा मोठा संग्रह आहे. तिथल्या झाडांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा वेगवेगळ्या नावांनी जपलेली काही झाडं एकच निघाली. खास जपणूक करणाऱ्यांच्या संग्रहात ही गत, तर परसातल्या झाडाबद्दल आग्रह कशाला? डीएनएचाही चमत्कार मानू नये. ती तपासणी दोन झाडं एक आहेत की वेगळी, एवढं सांगते. ताडून पाहायला खात्रीचं झाड जवळ असेल तरच त्यातून नाव निघतं. शिवाय एकाच वाणाच्या फांदीत उत्परिवर्तन होऊन फळाचा रंग बदलला, तरी नेहमीच्या चाचणीत तो फरक दिसेलच असं नाही. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं ‘पनाशे’ अंजीर अशाच बदलातून आलेलं मानतात.

खात्रीचं झाड पाहायचंच असेल तर पुणेकरांना फार लांब जावं लागत नाही. पुरंदर तालुक्यात जाधववाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे. तिथे जाताना पानाचा फोटो नेऊ नका. दोन्ही बहारांची नोंद असलेली वही न्या, फळ धरलेली एक छोटी फांदी न्या, आणि उन्हाळ्यात पूर्ण पिकलेली चार-पाच फळं त्याच दिवशी तोडून न्या.

आणि तोवर कुणी फांदी मागितली तर जरूर द्या, पण चिठ्ठीवर अंदाजाने नाव लिहू नका. ‘नाव माहीत नाही, सासवडहून आणलेलं, जांभळं, गर गुलाबी, मे महिन्यात पिकतं’ असं, जे खरंच ठाऊक आहे ते, पेन्सिलीने अॅल्युमिनियमच्या पट्टीवर लिहून फांदीला सैल बांधा. शाई दोन पावसाळ्यांत उडते, पट्टीवर कोरलेलं पेन्सिलीचं अक्षर टिकतं.